बोलण्यातला सूर कसा ऐकावा

भाषा आधी की गाणं, हा प्रश्न मला मिरजेत गाणं शिकताना पडला आणि तो अजून सुटलेला नाही. हाडं जमिनीत उरतात, आवाज उरत नाही. जर्मनीतल्या एका गुहेत गिधाडाच्या हाडाची सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीची बासरी सापडली, पण ती वाजवणारे एकमेकांशी काय बोलत, ते कसं कळणार? पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळानं तर १८६६ मध्ये भाषेच्या उगमावरचे निबंध घेणंच बंद केलं. तरीही १८७१ मध्ये डार्विननं लिहिलं, की शब्दांच्या आधी आपले पूर्वज जोडीदाराला रिझवायला सूर लावत असावेत. हा अंदाजच आहे. पण बोलणं आणि गाणं यांचं नातं घरबसल्या कानांनी तपासता येतं.

घरातल्यांना विचारून फोन रेकॉर्डिंगला लावा आणि तासभर तसाच राहू द्या. सुरुवातीला माणसं पुस्तकी बोलतात, मग विसरतात. माझ्या आत्याचा ‘जेवलास का रं?’ एवढाच तुकडा मी कापला आणि न थांबता दहा-बारा वेळा ऐकला. सहाव्या-सातव्या फेरीला ती विचारायची थांबली आणि गायला लागली. ‘का’वर सूर चढतो, ‘रं’वर अलगद उतरतो. पेटीवर मी तो वाजवूनही पाहिला. हा चमत्कार मानसशास्त्रज्ञ डायना डॉइच यांना १९९५ मध्ये स्वतःचंच रेकॉर्डिंग तपासताना सापडला. सगळेच तुकडे असे गात नाहीत. ज्यात स्वर थोडा लांबतो तो निवडा, आणि वेग किंवा पट्टी अजिबात बदलू नका.

आता तंबोरा. घरी नसेल तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एखाद्या कारागिराला विनंती करा. मधल्या जोडीतली एकच तार छेडा. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली सूत असतं, ते केसभर पुढं-मागं सरकवा (कारागिराला विचारूनच). सूर तोच राहतो, पण आवाजाचा रंग पालटतो. आधी मिटलेली तार एकदम खुलते, तिच्यातून वरचे बारीक सूर झरायला लागतात. जवारी म्हणतात ती हीच.

त्याच सुरावर आता तुम्ही ‘आ’ लावा. सूर न हलवता सावकाश ‘ओ’, ‘ऊ’, मग ‘ई’ करा. गळा एकच सूर देतोय. जीभ आणि ओठ तोंडाची पोकळी बदलतात, त्यातून त्या सुरातले वेगवेगळे उपसूर उठून दिसतात, आणि त्यालाच आपण वेगवेगळे स्वर म्हणतो. व्याकरणात आणि गाण्यात आपल्याकडे ‘स्वर’ हा एकच शब्द आहे, ते मला त्या दिवशी पटलं. ‘ऊ’कडून ‘ई’कडे जाताना घाई करू नका, सगळी गंमत त्या वाटेवर आहे.

घरात तान्हं बाळ असेल तर शेवटी त्याच्यापाशी बसा. दोन ते पाच दिवसांच्या ६० बाळांचं रडणं तपासणारा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला: फ्रेंच बाळांचं रडणं चढत जाणारं, जर्मन बाळांचं उतरत जाणारं. पोटात असतानाच आईच्या बोलीची चाल कानावर पडलेली असते. तुम्ही ओठ मिटून, शब्दांशिवाय ‘आलं का गं माझं सोनं’ नुसतं गुणगुणा. बाळ मान वळवतं का, ते पाहा.