परदेशी रणांगणावर पडलेल्या जवानाचा स्मृतिदिन कसा पाळावा

गावातला एखादा तरुण दुसऱ्या महायुद्धात परदेशी कामी आला एवढेच अनेकदा ठाऊक असते. अशा वेळी फलक रंगवायला देण्याआधी त्याची नोंद शोधावी.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या, महायुद्धांत पडलेल्या राष्ट्रकुल सैनिकांच्या कबरी व स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर हा शोध विनामूल्य घेता येतो. मात्र आपण आज लिहितो त्या स्पेलिंगवर विसंबू नये. माणगाव तालुक्यातील पळसगावचे, सैन्यात नाईक या हुद्द्यावर असलेले यशवंत घाडगे यांचे नाव इंग्रजीत ‘वाय’नंतर ‘ई’ घालून लिहिलेले आहे आणि त्यांच्या मराठा पलटणीच्या जुन्या इंग्रजी नावात आज अनोळखी वाटणारा एक जादा ‘एच’ होता. जिल्हाही त्या काळचा धरावा, म्हणजे रायगड नव्हे तर कुलाबा. कबर सापडली नाही म्हणून शोध थांबवणे ही नेहमीची चूक होय, कारण ज्यांची कबर ज्ञात नाही किंवा ज्यांना अग्नी दिला गेला, त्यांची नावे स्मारकांवर कोरलेली असतात. घाडगे यांचे नाव इटलीतील कॅसिनो स्मारकावर आहे.

भाषणात विशेषणांपेक्षा घटना सांगावी. 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतील इतर सगळे मशिनगनच्या माऱ्याने ठार वा जखमी झाले, तेव्हा ते एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी मशिनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि मॅगझिन बदलायला वेळ नसल्याने बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते तिथेच कोसळले. वय अवघे 22. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले, आणि ते ब्रिटिश अमलाखालील हिंदी सैन्यात होते हे सांगताना अवघडून जाण्याचे, माझ्या मते, काही कारण नाही.

जिथे जवान पडला त्या गावाचा उल्लेख अवश्य करावा, कारण स्मृती तिकडेही जपली जाते: इटलीतील मोंटोने येथे जुलै 2023 मध्ये घाडगे यांच्या नावाने छायाघड्याळाचे स्मारक उभे राहिले.

शक्यतो स्मृतिदिन मृत्यूच्या तारखेलाच ठेवावा, पण गावाची सवड पाहावी. जुलैत कोकणात भाताच्या लावणीची घाई असते. म्हणून कार्यक्रम सांजवेळी, शाळेच्या पडवीत, अर्ध्या तासात आटोपेल असा आखावा आणि पाय धुण्यासाठी दाराशी पाण्याची बादली ठेवावी.