जुनी अमेरिकन भयकॉमिक्स कशी वाचावीत?

या कथा सलग वाचू नका. जाडजूड संग्रह उघडून एका बैठकीत वीस कथा वाचायला गेलात, तर चौथ्या कथेपासून शेवट आधीच कळतो: नवऱ्याने बायकोला मारलं, बायको थडग्यातून उठली, हिशेब चुकता. दोन महिन्यांतून एकदा निघणारा, दहा सेंटचा, चार कथांचा अंक वाचणाऱ्यांसाठी त्या लिहिल्या होत्या. एका रात्री एक कथा, फार तर दोन.

१. सुरुवात ईसी कॉमिक्सपासून करा
प्रकाशक विल्यम गेन्स, संपादक अल फेल्डस्टीन. 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट', 'द व्हॉल्ट ऑफ हॉरर' आणि 'द हॉन्ट ऑफ फिअर' ही त्यांची तीन नियतकालिकं १९५० च्या सुमारास सुरू झाली. कुठलंही एक निवडा.

२. आवृत्ती बघून घ्या
मूळ अंकांच्या मागे लागू नका, तो संग्राहकांचा खेळ आहे. संगणकावर नव्याने रंगवलेल्या आवृत्त्या मला खटकतात. त्या गुळगुळीत रंगांत शाईचं काम बुडून जातं. कृष्णधवल पुनर्मुद्रण मिळालं तर तेच घ्या. ईसीचे हक्क अजून शाबूत आहेत, पण त्या काळच्या अनेक छोट्या प्रकाशकांचे संपले आहेत. त्यांचे अंक 'डिजिटल कॉमिक म्युझियम'वर फुकट वाचता येतात.

३. आधी चित्रं, मग मजकूर
ईसीच्या चौकटींत मजकूर फार. फेल्डस्टीन कथा थेट चित्राच्या कागदावरच लिहीत, अक्षरंही आधीच बसवली जात, आणि उरलेल्या जागेत चित्रकाराने काय ते करायचं. त्यामुळे चित्रात दिसतं तेच वर पुन्हा सांगितलेलं असतं. म्हणून पहिल्या फेरीत कथा नुसती बघा. दुसऱ्या फेरीत मजकूर वाचा, म्हणजे लेखक कुठे उगाच बडबडतोय आणि चित्रकाराने त्याच्यावर कुठे मात केली आहे ते कळतं.

४. हात ओळखायला शिका
ग्रॅहम इंगल्स 'घास्टली' अशी सही करायचा. त्याची माणसं जिवंत असतानाच सडल्यासारखी दिसतात. जॅक केमनची चित्रं जाहिरातीसारखी स्वच्छ, म्हणून त्यातला खून जास्त थंड वाटतो. जॉनी क्रेग पुष्कळदा स्वतःच लिहायचा, त्यामुळे शब्द-चित्रांची मारामारी त्याच्याकडे कमी. (माझा कौल क्रेगला.)

५. १९५४ च्या अलीकडचं-पलीकडचं शेजारी ठेवा
कॉमिक्समुळे मुलं बिघडतात, अशी ओरड होती. त्या वर्षी एप्रिलमध्ये बालगुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या सिनेट उपसमितीपुढे गेन्सची साक्ष झाली. पुढे प्रकाशकांनी स्वतःच 'कॉमिक्स कोड' ही नियमावली आणली: शीर्षकात 'हॉरर' किंवा 'टेरर' नको; व्हॅम्पायर, वेअरवुल्फ, झॉम्बी नकोत. ईसीची भयमालिका १९५५ पर्यंत आटोपली.

मग १९६४ चं 'क्रीपी' उघडा. मोठ्या आकाराचं, कृष्णधवल. कॉमिक बुक नव्हे, मॅगझिन म्हणून विकलं जात असल्याने कोड त्याला लागू नव्हता. पहिल्याच अंकाचं मुखपृष्ठ ईसीच्या जॅक डेव्हिसचं आहे.

शेवटी डीसी कॉमिक्सच्या 'हाउस ऑफ मिस्ट्री' या मालिकेचे १९६८ नंतरचे अंक. ईसीचाच जुना चित्रकार जो ऑरलँडो इथे संपादक झाला, तोही कोडच्या चौकटीत राहून. व्हॅम्पायर वर्ज्य असताना भीती कुठून आणायची, हा त्याच्यापुढचा पेच. १९७१ मध्ये नियम सैल झाले. त्याआधीचे अंक आधी वाचा. बर्नी राइट्सनची चित्रं दिसली की थांबून बघा.