लेकरांसोबत गाणं करायचंय? आधी रिकामे डबे गोळा करा

संगीत विशारद झालेली नवी मंडळी बालवाडीत येतात ती पेटी घेऊनच, आणि पहिल्याच दिवशी 'सा' लावतात. तीन-चार वर्षांचं लेकरू त्यात रमत नाही. परभणीकडच्या गावांत मी हेच काम करते. माझं ठाम मत आहे, पहिले काही महिने पेटी बंदच ठेवा. लय आधी हातापायांत उतरू द्या.

सुरुवात डब्यांनी करा. पावडरचे रिकामे डबे, मूठभर ज्वारी, तूर, करडई. काय भरायचं, किती भरायचं ते लेकरांनीच ठरवायचं. एका पोरानं डबा ज्वारीनं काठोकाठ भरला आणि रडवेला होऊन आला, "ताई, माझा डबा का वाजंना?" मी काहीच सांगितलं नाही. त्यानं शेजारणीचा डबा हलवून पाहिला, झाकण काढून आत डोकावला आणि आपली अर्धी ज्वारी ओतून दिली. वाजला! मग कितीतरी वेळ त्याचं तेच चाललं होतं, दाणे काढायचे, वाजवायचं, पुन्हा घालायचे. उत्तर ओठांवर आलेलं असताना गप्प राहणं, या कामात हेच सगळ्यात अवघड. भरून झालं की झाकणं चिकटपट्टीनं पक्की करा. दाणा नाकात जायला वेळ लागत नाही.

वाट्यांत पाणी घालून चमच्यानं वाजवा. पाणी वाढलं की आवाज खाली उतरतो. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली तर उलटं होतं, पाणी वाढलं की आवाज चढतो. हे लेकरांना सांगू नका, त्यांचं त्यांना सापडू द्या.

लहान लेकरांची मुळातली लय आपल्यापेक्षा जलद असते. त्यांना आपल्या ठेक्यात ओढण्यापेक्षा आधी आपण त्यांच्या टाळीत टाळी मिसळावी. हलगी वाजली की चालायचं, थांबली की पुतळा, हा खेळ तर रोज हवा. थांबता आलं की केरवा तालाच्या आठ मात्रा तोंडानं म्हणा, 'धागेनति नकधिन', आणि 'धा'वर पाय आपटा. आपल्याकडच्या लेकरांच्या कानांवर भजनाचा ठेका, गोंधळातलं संबळ आधीच पडलेलं असतं. गावातल्या टाळकऱ्यांना, संबळवाल्यांना वर्गात बोलवा.

गाताना पट्टी उंच घ्या. मधल्या सप्तकात पांढरी दोनला, म्हणजे पेटीवरच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीला, सा धरून पंचमापर्यंतचे पाच सूर पुरेत. मोठ्यांच्या सोयीनं खाली गायलं, तर लेकरं गात नाहीत, नुसती बोलतात.

गॅदरिंगच्या नाचासाठी मात्र हा तास देऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. "डबे काय वाजवत बसलात?" असं विचारलंच, तर २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा पुढे ठेवा. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी त्यात खेळातून शिकण्यावरच भर आहे. आणि पालक न्यायला आले की त्यांच्याही हातात एकेक डबा द्या.