नवऱ्याची केमो सुरू असताना वेट्स चालू कसे ठेवायचे

जोडीदार गंभीर आजारी असताना आपण वजनांच्या बारखाली उभं राहावं का? माझं उत्तर ठाम 'हो' आहे. माझ्या नवऱ्याला लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर आहे, दर २१ दिवसांनी केमो असते, आणि घरात धडधाकट माणूस सध्या एकच आहे. त्या माणसाला वाकता आलं पाहिजे, आधार देता आला पाहिजे, रात्री तीनदा उठून सकाळी पुन्हा कामाला लागता आलं पाहिजे. शिवाय मला वेट्स मनापासून आवडतात. आजारपणाच्या घरात आवडीची एक तरी गोष्ट जिवंत ठेवणं मी जबाबदारीतच धरते. पुढचं सगळं केमोच्या घरातलं आहे. तुमच्याकडे डायलिसिस असेल किंवा पक्षाघातानंतरची शुश्रूषा असेल, तर तारखा आणि धोके वेगळे असतील. क्रम मात्र तोच राहील: आधी त्याचं वेळापत्रक, मग आपला प्रोग्राम.

वार सोडा, केमोच्या सायकलचा दिवस धरा

सोमवार-बुधवार-शुक्रवार हा हिशेब या घरात चालत नाही. त्याची तब्येत आठवड्याच्या वारावर ठरत नाही, केमोपासून कितवा दिवस आहे यावर ठरते. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी १ ते २१ आकडे टाकते आणि माझं ट्रेनिंग त्याच आकड्यांवर लिहिते.

त्याच्या औषधांमध्ये पहिले पाच दिवस प्रेडनिसोलोनच्या गोळ्या असतात. स्टिरॉइडवर झोप उडते. तो जागा म्हणजे मीही जागी. पण याच दिवसांत त्याच्या अंगात उसनी का होईना तरतरी असते, तास-दीड तास तो एकटा आरामात राहू शकतो. गोळ्या थांबल्या की एकदम गळून जातो. त्याच सुमारास रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरायला लागतात आणि साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान तळाला जातात. तिसरा आठवडा बराचसा माणसात आल्यासारखा असतो, तोवर पुढची केमो दारात उभी राहते.

यातून माझी विभागणी आपोआप ठरली. पहिल्या पाच दिवसांत एक छोटं, मध्यम जड सत्र. पेशींचा काउंट तळाला असताना फक्त घरी, जिम बंद. पंधराव्या दिवसानंतर बार, रॅक, खरे जड सेट (सेट म्हणजे एका दमात केलेली एक फेरी). काउंट कमी असताना जिमला न जाणं हा माझा निर्णय आहे, डॉक्टरांनी तसं फर्मान काढलेलं नाही. पण शेकडो हात लागलेल्या बारला धरून यायचं आणि पांढऱ्या पेशी नसलेल्या माणसाची उशी सारखी करायची, हे मला पटत नाही. जिमला जाते त्या दिवसांतही घरात पाऊल टाकल्यावर आधी साबणाने हात, मग आंघोळ, कपडे थेट धुण्यात, आणि मगच त्याच्याजवळ. मला स्वतःला घसा खवखवल्यासारखा वाटला तरी जिम नाही, आणि घरात तोंडाला मास्क.

एक गोष्ट ट्रेनिंगच्या कितीतरी वर: केमोवरच्या माणसाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला, तर तो वाट बघायचा ताप नव्हे. हॉस्पिटलने दिलेल्या नंबरवर लगेच फोन करायचा. बारवर कितीही वजन चढवलेलं असो, सेट तिथेच सोडायचा. म्हणून वेट्स करताना फोन बॅगेत किंवा लॉकरमध्ये ठेवत नाही. आवाज पूर्ण वाढवून बेंचशेजारी ठेवते.

वजन ठेवा, बाकी कापा

या काळात बहुतेक जण नेमकं उलटं करतात. वजन निम्मं करतात आणि सेट तेवढेच ठेवतात, कारण हलकं वजन सुरक्षित वाटतं. तासभर जातो, घाम येतो आणि ताकद मात्र ओसरत जाते. ताकद टिकवायची तर बारवरचं वजन सर्वांत शेवटी कमी करायचं असतं. आधी सेट कमी करा, मग व्यायामांची संख्या, मग दिवस.

याला नुसता माझा अनुभव आधाराला नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांनी १६ आठवडे, आठवड्यातून तीनदा वेट ट्रेनिंग केलं आणि पुढचे ३२ आठवडे ते एकदम कमी केलं. काहींनी एक तृतीयांश, काहींनी तर फक्त एक नवमांश. एक नवमांश म्हणजे आठवड्यातून एक दिवस, प्रत्येक व्यायामाचा एक सेट. वजनाची तीव्रता मात्र तशीच ठेवली. ताकद बहुतांशी टिकली. ६० ते ७५ वयोगटात ताकद टिकली तरी स्नायूंचा आकार थोडा उतरला, म्हणून वय जास्त असेल त्यांनी जमेल तेव्हा आठवड्यात दोन सत्रांचा आग्रह धरावा. मला स्वतःला हे वाचून जो दिलासा मिळाला, तो कुठल्याही धीराच्या बोलण्याने मिळाला नव्हता. आठवड्यात एकदा, अर्ध्या तासात, वर्षानुवर्षांची कमाई राखता येते.

माझी दोन सत्रं आहेत. एकात स्क्वॉट, बेंच प्रेस, रो. दुसऱ्यात डेडलिफ्ट, ओव्हरहेड प्रेस, पुल-अप. बस. बायसेप्स, काफ, मशिनवरचं सगळं रजेवर. स्क्वॉट असा होतो: २० किलोचा रिकामा बार, मग ४०, ६०, ७० किलोवर मोजके रेप्स (उचलण्याच्या आवृत्त्या), आणि मग ७५ किलोवर पाचचा एक खरा सेट. वेळ असेल तर दुसरा. तो पाचवा रेप उठतो तेव्हा अजून दोन रेप्स अंगात शिल्लक असले पाहिजेत. फेलियरपर्यंत, म्हणजे पुढचा रेप उठणारच नाही इथपर्यंत, जायचं नाही, कारण दुसऱ्या दिवशी मला फक्त पाय दुखवून बसायचं नसतं, केमोच्या डे-केअरमध्ये त्याच्या खुर्चीशेजारी दिवस काढायचा असतो. बेंच आणि रो आलटून-पालटून करते, म्हणजे एकाची विश्रांती दुसऱ्याच्या सेटमध्ये निघते. सगळं मिळून ४० मिनिटांच्या आत.

वॉर्म-अपचे सेट हीच त्या दिवसाची परीक्षा. ६० किलोवरच बार जड आणि सावकाश वर येत असेल, तर ठरलेल्या वजनातून दहा टक्के काढते आणि एकच सेट करते. यावर मनाशी वाद घालत नाही.

झोप नसेल तेव्हा

एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेनंतर एखाददुसरा जड रेप सहसा निघतो, म्हणून आपण फसतो. खरा फटका सलग दोन-तीन रात्री तुटल्या की बसतो, आणि तो डेडलिफ्ट, लेग प्रेस अशा मोठ्या व्यायामांत जास्त दिसतो. वर स्नायूंची दुरुस्तीही मंदावते: २०२१ सालच्या एका छोट्या अभ्यासात एक अख्खी रात्र जागून काढल्यावर स्नायूंत नवी प्रथिनं बनण्याचा वेग १८ टक्क्यांनी कमी आढळला. तेव्हा माझा नियम असा की एक वाईट रात्र झाली तर सत्र होईल, पण डेडलिफ्टऐवजी डंबेल. सलग दोन वाईट रात्री झाल्या तर सत्र रद्द, आणि तो वेळ सरळ झोपेला. पहाटे लवकर उठून जिम 'उरकायचा' मोह या दिवसांत टाळाच. झोपेतून कापलेला तास या घरात फार महाग पडतो. दुपारी उशिरा कॉफी घेऊन बारपाशी जाणंही नको. कॅफिनचं प्रमाण शरीरात निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, आणि रात्री तो झोपलेला असताना आपण छताकडे बघत पडतो.

दमलेल्या अंगाने एकटीने बारबेल बेंच करत असाल, तर रॅकच्या सेफ्टी पिन (बार निसटला तर अडवणारे आडवे दांडे) छातीच्या उंचीला लावल्याशिवाय बार काढूच नका. पिन नसतील तर डंबेल घ्या.

घरातला आठवडा

काउंट कमी असतात त्या आठवड्यासाठी माझ्याकडे वजन बदलता येणारी डंबेलची जोडी, एक केटलबेल, दोन रबरी बँड आणि दाराच्या चौकटीतला पुल-अप बार आहे. तेवढं पुरतं. कमी वजन जड कसं करायचं, एवढंच शिकावं लागतं: एका पायावरचे स्क्वॉट आणि डेडलिफ्ट, खाली जाताना तीन-चार सेकंद, पाय उंचावर ठेवून पुश-अप. हलक्या वजनाने जवळजवळ दमेपर्यंत केलं तर स्नायू टिकतात. जड बारची ताकद तेवढी राहत नाही, पण तिसऱ्या आठवड्यात बार आहेच. मी एका बैठकीत सगळं करत नाही. सकाळी औषधं दिल्यावर एक सेट, दुपारी तो डुलकी घेतो तेव्हा दुसरा.

'काही लागलं तर सांग' म्हणणाऱ्यांना सांगा

सगळे हे म्हणतात आणि मनापासून म्हणतात. आपण 'हो हो' म्हणून फोन ठेवतो. त्याऐवजी त्यांना काम द्या, वेळेसकट: "सोळाव्या दिवशी संध्याकाळी सहा ते साडेसात त्याच्याजवळ बसशील?" माणसांना अशी नेमकी विनंती हवी असते. माझी नणंद आणि त्याचा एक जुना मित्र, दोघांनी हे दीड तास वाटून घेतले आहेत. बसणाऱ्याला दोनच गोष्टी दाखवून ठेवते: थर्मामीटर कुठे आहे आणि हॉस्पिटलचा नंबर कुठे लिहिलाय. आणि हे नवऱ्याशी आधी बोलून ठरवा. मी त्याला स्पष्ट विचारलं होतं, मी जिमला गेले की तुला सोडून गेल्यासारखं वाटतं का. तो म्हणाला, तू घरात फेऱ्या मारतेस तेव्हा मला जास्त त्रास होतो. प्रत्येकाचं उत्तर असं नसेल. एखाद्याला तुम्ही हवेच असाल, तर बार महिनाभर थांबेल; महिन्याने फार काही बिघडत नाही.

त्याला उचलू नका

मी ११० किलोचा डेडलिफ्ट करते आणि तो ६८ किलोचा आहे. तरीही त्याला मी उचलत नाही. बारला मधोमध धरायला जागा असते, तो पायांना चिकटून सरळ वर येतो आणि वाटेत घाबरत नाही. माणूस वळतो, गळ्याला मिठी मारतो, अर्ध्यातच पाय सोडतो. रुग्ण हलवणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी अमेरिकेत २००७ साली हातांनी उचलण्याची मर्यादा सुचवली गेली ती ३५ पौंड, म्हणजे साधारण १६ किलो. आणि तीही परिस्थिती अगदी सोयीची असेल तेव्हा. आपली कंबर गेली तर दोघंही अंथरुणात.

फिजिओकडून ही पद्धत एकदा समोर उभं राहून शिकून घ्या. त्याला पलंगाच्या कडेला पुढे सरकू द्या, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, जमिनीवर सपाट. चाकाची खुर्ची असेल तर ब्रेक आधी लावा. तुम्ही अगदी जवळ, गुडघे वाकवून उभ्या राहा, हात त्याच्या कमरेच्या पट्ट्याला. काखेत हात घालून ओढायचं नाही, दंड धरून तर मुळीच नाही. केमोत प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असतात तेव्हा घट्ट पकडीनेही काळेनिळे डाग उमटतात. "एक, दोन, तीन" त्याने म्हणायचं, तीनला त्याने पुढे झुकायचं, नाक पायाच्या बोटांच्या पुढे. उठतो तो, आपण फक्त सोबत येतो. आणि पडायला लागला तर झेलायला जाऊ नका. आपल्या अंगाला टेकवून, मांडीवरून सावकाश जमिनीवर उतरू द्या, डोकं सांभाळा. डोक्याला मार लागला असेल तर, विशेषतः प्लेटलेट्स कमी असताना, लगेच हॉस्पिटलला कळवा.

दोघांचं मिळून

बरं करण्याच्या हेतूने कॅन्सरचे उपचार सुरू असताना रुग्णाने एरोबिक आणि ताकदीचा व्यायाम करावा, अशी अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीची २०२२ सालची शिफारस आहे. त्याच्या डॉक्टरांना विचारून आम्ही सुरुवात केली: खुर्चीतून उठणं-बसणं आणि बँडने रो, तेही तिसऱ्या आठवड्यात जास्त. ताप, चक्कर किंवा प्लेटलेट्स फार उतरलेल्या असतील तर काही नाही. आजार हाडांत असेल तर डॉक्टरांशिवाय काहीच ठरवू नका. बाकी वेळ तो माझी वही सांभाळतो. माझ्या ७५ किलोखाली त्याच अक्षरात त्याचा त्या दिवसाचा हिमोग्लोबिन लिहितो.

खाण्याबद्दल एवढंच: शुश्रूषा करणारं माणूस उरलेलं खातं आणि ते पुरत नाही. शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १.६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, हे गणित मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. इस्पितळाच्या दिवशी डबा दोघांचा भरते.

उपचार संपल्यावर लगेच जुन्या प्रोग्रामवर उडी मारू नका. त्याचा थकवा पुढे कित्येक महिने राहू शकतो आणि तुमचाही तेव्हाच बाहेर पडतो. वजन तेच ठेवून दर दोन आठवड्यांनी प्रत्येक व्यायामाला एक सेट वाढवा, मग व्यायाम, आणि वजन सर्वांत शेवटी. आणि मॅक्स, म्हणजे एकदाच उचलता येणारं सर्वांत जास्त वजन, तपासायचा दिवस स्कॅनच्या आठवड्यात ठेवू नका. रिपोर्ट हातात येऊ दे, तो काहीही असो. दोन रात्री नीट झोपा आणि मग रॅकच्या पिन लावा.