एडब्ल्यूएसच्या एपीआयला रिक्वेस्ट पाठवताना सही कशी करायची

एडब्ल्यूएस म्हणजे ॲमेझॉनचं क्लाउड. त्याच्या एस३ ला (फाइल ठेवायची सर्व्हिस) किंवा दुसऱ्या कुठल्या सर्व्हिसला एपीआयने, म्हणजे आपल्या प्रोग्राममधून, स्वतः कॉल मारायचा असेल तर एक गोष्ट आधी पक्की डोक्यात बसवा, तुमची सिक्रेट की (अकाउंटचा पासवर्डसारखा गुप्त कोड) नेटवर्कवरून कधीच जात नाही, जाते ती तिच्यावरून काढलेली सही. ह्याला सिग्नेचर व्हर्जन ४ म्हणतात. तिकडे सर्व्हर पण आलेल्या रिक्वेस्टवरून तीच सही परत काढून बघतो आणि एका स्पेसचा जरी फरक पडला तरी ४०३, म्हणजे रिक्वेस्ट नाकारली.

पायथनवाल्यांनी बोटो३ (एडब्ल्यूएसची तयार लायब्ररी) वापरावं, ते सगळं आतल्या आत करतं. पण छोट्या डिव्हाइसवर किंवा एसडीके (अशी तयार लायब्ररी) नसलेल्या भाषेत काम असेल तर हाताने करावं लागतं.

आधी रिक्वेस्ट ठरलेल्या साच्यात लिहून काढायची: मेथड, पाथ, क्वेरी (नावांप्रमाणे सॉर्ट करून), मग हेडर, त्यांची नावं स्मॉल लेटरमध्ये आणि तीही सॉर्ट करून, मग कुठल्या कुठल्या हेडरवर सही केली त्यांची यादी आणि शेवटी बॉडीचा एसएचए-२५६ हॅश (डेटावरून काढलेला ठरावीक लांबीचा कोड). हेडर आणि यादीच्या मध्ये एक रिकामी ओळ असते बरं का, ती बरेच जण विसरतात. ह्या सगळ्याचा परत हॅश काढायचा आणि त्याच्या आधी अल्गोरिदमचं नाव, वेळ आणि स्कोप (तारीख, रीजन म्हणजे सर्व्हर असलेला भाग, सर्व्हिस आणि 'एडब्ल्यूएस४ अंडरस्कोर रिक्वेस्ट' हा शब्द) लावायचा, सही ह्या मजकुरावर होते.

आता की. सिक्रेटच्या सुरुवातीला 'एडब्ल्यूएस४' जोडायचं, त्याने तारखेचा एचमॅक (की मिसळून काढलेला हॅश) काढायचा, जे येईल त्याने रीजनचा, मग सर्व्हिसचा, मग 'एडब्ल्यूएस४ अंडरस्कोर रिक्वेस्ट' ह्या शब्दाचा. मधल्या टप्प्यांत कच्चे बाइट्सच पुढे द्यायचे, शेवटी मिळालेल्या कीने वरच्या मजकुराचा एचमॅक काढला की ती सही, ह्यात हेक्स फक्त तिचं करायचं. रीजन मुंबईचा असेल तर 'एपी-साऊथ-१' नीट लिहा, उदाहरणातला अमेरिकेचा रीजन तसाच राहून जातो.

तारखेबद्दल जरा थांबून सांगतो. माझा एक बॅकअप जॉब रोज रात्री एक वाजता फेल व्हायचा आणि सकाळी ऑफिसला येऊन तोच हाताने चालवला की एकदम ओके, दोन दिवस मी की बदलत बसलो. शेवटी बघितलं तर वेळेचा हेडर यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) होता पण स्कोपमधली तारीख मशीनच्या लोकल वेळेवरून घेतली होती, आणि आपल्याकडे रात्री १२ ते पहाटे ५:३० यूटीसीत अजून कालचीच तारीख असते! म्हणून वेळ एकदाच घ्या, यूटीसीत घ्या आणि दोन्हीकडे तीच वापरा. मशीनचं घड्याळही एनटीपीने (नेटवरून वेळ जुळवायची सोय) लावून ठेवा, एस३ १५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही.

फाइलचं नाव मराठीत असेल, समजा 'गणपती फोटो', तर यूटीएफ-८ (अक्षरांचे बाइट बनवायची पद्धत) करून प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेने एन्कोड करायचा, नुसत्या 'ग'चेच तीन बाइट होतात. स्पेसचं टक्के-वीस करायचं, प्लस चालत नाही. आणि एस३ मध्ये पाथ एकदाच एन्कोड होतो, बाकीच्या सर्व्हिसेसना दोनदा.

की कोडमध्ये लिहू नका, प्लीज. गिटमध्ये एकदा गेली की नंतर डिलीट करूनही हिस्टरीत राहते, ती रद्दच करावी लागते. ईसी२ वर (एडब्ल्यूएसच्या भाड्याच्या सर्व्हरवर) असाल तर रोल (त्या सर्व्हरला दिलेली परवानगी) लावा म्हणजे थोड्या वेळाने संपणाऱ्या तात्पुरत्या की आपोआप मिळतात. अशा कीचा आयडी 'एएसआयए'ने सुरू होतो (कायमच्या कीचा 'एकेआयए'ने) आणि तिच्यासोबत सिक्युरिटी टोकनचा वेगळा हेडर पाठवावाच लागतो.

तरीही सही जुळत नसेल तर एस३ चा एरर रिस्पॉन्स पूर्ण प्रिंट करा. त्यात सर्व्हरने स्वतः बनवलेला साचा आणि सहीचा मजकूर दोन्ही येतात, तुमचे दोन्ही शेजारी ठेवून ओळीला ओळ लावून बघा, फरक कुठे आहे ते लगेच दिसतं.