इन्स्टॉलेशनचं पान सांभाळताना

२०२१ च्या अखेरची गोष्ट. लातूरजवळच्या एका कॉलेजची लॅब, तीस मशीन, सगळ्यांवर विंडोज ७. सर म्हणाले, "सोमवारपर्यंत पायथन आणि ही लायब्ररी टाकून ठेव." पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, लायब्ररी म्हणजे तिच्यात वापरायचा तयार कोड. त्या लायब्ररीच्या इन्स्टॉलेशनच्या पानावर लिहिलं होतं, पायथन ३.६ किंवा त्यापुढचं. मी सगळ्यात नवं उतरवलं. त्याला विंडोज ८.१ हवं होतं. मग कळलं की विंडोज ७ वर ३.८ पर्यंतच मजल जाते. तिथं गेलो तर ३.८.१० च्या पुढं इन्स्टॉलरच नाही, नुसता सोर्स, म्हणजे स्वतः बांधून घ्यायचा कच्चा कोड. ३.८.१० घेतलं, तर ते सर्व्हिस पॅक १, म्हणजे विंडोजच्या अपडेटचा गठ्ठा, मागू लागलं. त्यात दोनदा लाईट गेली. पानावरचं एकही अक्षर खोटं नव्हतं, आणि माझे दोन दिवस मातीत गेले.

त्या पानात एक ओळ घालायची पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'हा बदल घ्या' अशी विनंती, टाकली: विंडोज ७ असेल तर ३.८.१० घ्या, आधी सर्व्हिस पॅक १ बघा. कोड फारसा यायचा नाही, त्यामुळं धाकधूक होती. अकरा दिवसांनी ती घेतली गेली. वर्षभरात ते पानच माझ्याकडं आलं, कारण दुसरं कुणी घेईना. ओपन सोर्समध्ये, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या कामात, शिरायचं असेल तर हे दार बरं, इथं गर्दी नसते.

या पानाची खोड अशी की हात न लावताही ते नासतं. गावाकडं पत्ता सांगतात ना, "वडापासून डावीकडं वळा". आणि वड रस्ता रुंदीकरणात गेलेला असतो. २०२३ मध्ये उबुंटू २३.०४ आणि डेबियन १२ या लिनक्सच्या प्रकारांनी सिस्टमच्या पायथनमध्ये पिपनं (पायथनची पॅकेजं टाकायचं साधन) थेट काही इन्स्टॉल करणं अडवलं. आमची पहिलीच कमांड मेली. लोक नेटवरून 'ब्रेक सिस्टम पॅकेजेस' हा पर्याय उचलून लावायला लागले (नावातच काय होणार ते लिहिलंय, तरी). मी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटची (सिस्टमपासून वेगळी, त्या कामापुरती पायथनची जागा) पायरी वर आणली, तर डेबियन-उबुंटूवर त्याचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं, हे लिहायचं राहिलं. दुसऱ्याच दिवशी तीन तक्रारी. ऑक्टोबरमध्ये पायथन ३.१२ आलं, त्यातून पॅकेज बांधायचं जुनं साधन, डिस्टयुटिल्स, काढून टाकलेलं. आमची सेटअप फाइल त्याच्यावरच उभी होती. दुरुस्ती होईपर्यंत पानावर ठळक लिहून ठेवलं, सध्या ३.११ च वापरा.

आता दर आठवड्याला कोऱ्या कंटेनरमध्ये (नव्यानं उभ्या केलेल्या, बाकी मशीनपासून वेगळ्या जागेत) पानावरच्या लिनक्सच्या कमांड आपोआप चालतात. मोडलं की मला मेल येतो. पण खरी परीक्षा माणसाची. परभणीच्या मामेभावाला पान उघडून दिलं आणि तोंडाला कुलूप लावून मागं बसलो. त्यानं इन्स्टॉलरमधली पाथची टिक मारलीच नाही (ती मारली की नुसत्या नावानं पायथन सापडतं). ती खाली असते आणि आधीपासून मारलेली नसते. मग कमांड प्रॉम्प्टवर पायथन लिहिलं तर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडलं. सगळं परत केलं. पुढं पिपची कमांड त्यानं पायथनच्या आत, तीन बाणांपुढं (>>>) चिकटवली, तीही सुरुवातीच्या डॉलरच्या चिन्हासकट. "दादा, हे चालंनाच की." चूक त्याची नव्हती. कमांड कुठं लिहायची हे पानावर कुठंच नव्हतं, आणि ते डॉलर, म्हणजे 'पुढं कमांड आहे' एवढी खूण, मीच सजावटीसारखं ठेवलं होतं. त्या दिवशी सगळे डॉलर काढले.

एका भागासाठी मात्र भांडावं लागलं: इंटरनेटशिवाय इन्स्टॉल कसं करायचं. "आता कुणाला लागतं?" असं विचारलं गेलं. मी लॅबचा हिशोब मांडला: तीस मशीन, एक लाईन, तेच पॅकेज तीसदा. त्यापेक्षा एका मशीनवर 'पिप डाउनलोड' या कमांडनं पॅकेज उतरवा, पेनड्राइव्हवर घ्या आणि बाकीच्यांवर नो-इंडेक्स (नेटवर शोधू नको) व फाइंड-लिंक्स (या फोल्डरमध्ये बघ) हे पर्याय देऊन टाका. अट एकच, उतरवणाऱ्या मशीनची ऑपरेटिंग सिस्टम, पायथनची आवृत्ती आणि ३२ की ६४ बिट हे लॅबसारखंच हवं. नाहीतर जुळणारं तयार व्हील (थेट टाकता येणारी पॅकेजची फाइल) मिळत नाही, आणि सोर्स हाती आला नि त्यात सी भाषेचा कोड असला तर विंडोज व्हिज्युअल सी++ चं बिल्ड टूल मागत बसतं. तो भाग राहिला. पानाच्या तळाशी आहे, सहा ओळींचा.