आढीत आंबा पिकवताना झाकून विसरू नका, रोज हात घाला

आंबे पेंढ्यात ठेवा, पोत्याने झाका आणि आठ दिवस विसरून जा, असं जो सांगतो त्याने स्वतः आढी लावलेली नसते. आंबा नासतो तो त्या विसरण्यानेच.

आधी आंबा जून, म्हणजे झाडावरच पूर्ण भरलेला हवा. खांदे भरून देठाच्या वर आलेले, देठ खळग्यात बसलेला, सालीचा गडद हिरवा रंग थोडा उतरलेला. शंका आली तर बादलीभर पाण्यात सोडा, जून आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. तरंगला म्हणजे कार्बाईडचा, म्हणजे कॅल्शियम कार्बाईडची पावडर लावून पिकवलेला, असं व्हॉट्सअ‍ॅपवर दरवर्षी फिरतं ते साफ चूक आहे, पाण्यात कार्बाईड कळत नाही, फक्त आंबा भरलाय की नाही ते कळतं. कोवळ्या फळात स्टार्चच पुरेसा नसतो, मग त्याची साखर होणार कुठून? कार्बाईडवाले फसवतात ते इथेच. पुडीला ओलावा लागला की अ‍ॅसिटिलीन निघतो, साल पिवळी होते आणि आत आंबटढाण राहतं. वर त्या पावडरीत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, म्हणून २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत त्याला बंदी आहे. पिकवणीच्या खोल्यांमध्ये एथिलीन गॅस १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) चालतो, कारण पिकवणारा तोच वायू आंबा स्वतः तयार करतो.

बोटभर देठ ठेवून तोडलेले आंबे घ्या, चीक सालीवर ओघळला असेल तर धुवून सावलीत पूर्ण कोरडे करा. खाली कोरडा पेंढा, मग आंबे, परत पेंढा.

आता खरं काम. तोडलेला आंबा मेलेला नसतो, तो श्वास घेत असतो, आणि पिकायला लागला की त्याचा श्वास एकदम वाढतो, ऑक्सिजन आत, कार्बन डायऑक्साईड, ओलावा आणि उष्णता बाहेर. एक आंबा एथिलीन सोडतो, त्याने शेजारचा जागा होतो, तो अजून सोडतो, आणि हे सगळं एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही. मला हे पहिल्या वर्षी माहीत नव्हतं. पाच थर लावले, ऊब राहावी म्हणून वरून प्लास्टिकचा कागद घातला, खोलीची खिडकी बंद. सहाव्या दिवशी दार उघडलं तर वास पिकल्या आंब्याचा नाही, आंबूस दारूसारखा. पेंढा हाताला दमट आणि गरम लागत होता, मधल्या थरातले आंबे देठाजवळ काळे पडून बोट आत जाईल इतके मऊ, आणि कडेचे तसेच हिरवे. जवळजवळ निम्मे फेकले, अजून हळहळ वाटते.

तेव्हापासून माझा नियम आहे, दोनच थर, फार तर तीन, प्लास्टिक अजिबात नाही, वर सुती कापड किंवा गोणपाट, खिडकी उघडी. आणि रोज सकाळी मधल्या पेंढ्यात मनगटापर्यंत हात घालायचा. कोमट लागलं तर ठीक, गरम किंवा दमट लागलं तर लगेच आंबे काढून पसरायचे, पेंढा बदलायचा, तासभर वारा द्यायचा. कार्बन डायऑक्साईड कोंडला की एथिलीनचं कामच अडतं, म्हणजे हवाबंद झाकून ठेवलं तर लवकर पिकतो हे उलटं आहे. आणि देठाजवळ काळा झालेला आंबा दिसला की त्याच क्षणी बाहेर, "उद्या बघू" नको, बुरशी शेजारी जाते.

फार घाई असेल तर एखादं पिकलेलं केळं पेंढ्यात ठेवा, तेही एथिलीनच देतं.

एक दिवसाआड आंबे फिरवा, तयार झालेले वेगळे काढा. माझ्याकडे हापूसला आठ-दहा दिवस लागतात, उकाडा जास्त असला तर कमी. कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने साल काळवंडते आणि मग तो नीट पिकतच नाही, पूर्ण पिकल्यावर मात्र खुशाल ठेवा.